खांबाशी बोलणारे आमचे भासरे

आमच्या घराच्या ओसरीत मधोमध एक सागाचा खांब होता. माझे भासरे त्या खांबाशी जितकं बोलले, तितकं जन्मात कुठल्या माणसाशी बोलले नसतील. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. मी काहीच म्हणत नसे, कारण धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही आणि भासऱ्यानं तिच्याशी बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत होती. तेव्हा जानेफळात घरोघर हीच रीत. पण बाकीचे लोक ती सोयीनं पाळत. सुगीची घाई असली की एखादा भासरा सरळ विचारून टाके, विळा कुठं ठेवला म्हणून, आणि सूनही पदर ओढून सांगून टाके. आभाळ काही कोसळत नसे. आमच्याकडं मात्र आभाळ कोसळलं असतं, आणि ते त्यांनी स्वतः ओढून खाली आणलं असतं.

शेतातून आले की ते गल्लीच्या तोंडापासूनच खाकरायला लागत. मी डोक्यावर पदर घेऊन आत जाईपर्यंत दारात उभे राहत. मग ओसरीत येऊन खांबापुढं बसत आणि विचारत, "खांबा, चाह भेटन का आज, का संध्याकायीच?"

मी आतून चुलीला सांगे, "चुली, गूळ सरला."

"मंग कालच काऊन नाही सांगतलं बे?" ते खांबाला म्हणत. मला 'बे' म्हणायची सोय नव्हती ना, म्हणून ते खांबाच्या वाट्याला.

मी चिखलीची. वडील कोर्टात कारकून, मी मॅट्रिक झालेली. लग्न होऊन आले तेव्हा हे सगळं बघून मला हसू आवरत नसे. पदर तोंडात कोंबून चुलीपुढं हसत बसायची. सासूबाईंना वाटे, धुरानं ठसका लागला. पुढं पुढं मात्र मलाही त्याची सवय झाली. माझे यजमान धरणाच्या कामावर सब-ओव्हरसियर. ते दिवाळीला आणि पोळ्याला घरी यायचे. एरवी घरात सासूबाई, मी आणि भासरे. त्यांची बायको माझ्या लग्नाच्या आधीच पहिल्या बाळंतपणात गेली होती, लेकरूही गेलं. दुसरं लग्न का केलं नाही, ते मला कळलं नाही. विचारणार कोण आणि कसं? चुलीला विचारून चालण्यासारखा तो प्रश्न नव्हता.

त्यांच्या आणखी तऱ्हा सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही. ते खुर्चीवर बसत नसत. तहसिलीत जा, बँकेत जा, कोणी कितीही आग्रह करो, हे भिंतीला पाठ लावून उभे. म्हणायचे, खुर्चीत बसला का मानूस समोरच्याच्या हातात जाते. एसटी वेळेवर आली तर त्यांना संशय येई. "वेळेवर आली म्हंजे कुठी तरी बिघाड हाय," म्हणून ते आधी चाकांकडं पाहून घेत. महाराष्ट्र होऊन काही वर्षं झाली होती, तरी त्यांच्या हिशेबी राजधानी नागपूरच. मुंबईला समुद्र आहे म्हणतात, ज्या गावाच्या दारात एवढं पाणी त्या गावाला राज्य चालवायला ध्यान कुठून राहणार, असं त्यांचं म्हणणं. त्यावर ते कोणाशी वाद घालत नसत. दुसऱ्याला वाद घालायला जागाच ठेवत नसत.

माझी शकू झाली आणि खांबाला पेन्शन मिळाली. घरात लेकरू असलं की अशा घरांत त्याच्या तोंडून बोलायचं, हेही रीतीतलंच. ती पाळण्यात होती तेव्हापासून ते तिला सांगत, "शकू, तुह्या मायले सांग, पानी दे." मी आतून म्हणायची, "शकू, सांग, आणते म्हणावं." पोरगी आढ्याकडं बघत असायची. आमचं बोलणं तिच्या अंगावरून इकडून तिकडं जायचं.

तिनं तोंड उघडलं ते फार उशिरा. तोवर सासूबाई देवाला काय काय बोलून बसल्या होत्या. आणि उघडलं ते थेट निरोपानंच. एके दिवशी स्वयंपाकघरात आली, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "शकू, तुह्या मायले सांग, पानी दे." शब्दाला शब्द, वर त्यांचाच घोगरा सूर. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. शेजारपाजारच्या बायका मुद्दाम ऐकायला येऊ लागल्या. पोरगी दुसरं काही बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, याकडं कोणी लक्ष दिलं नाही. निरोप चोख सांगते, एवढं घराला पुरलं.

ती निरोप घेऊन आली की मी पेला भरून उंबऱ्यावर ठेवायची. ते खाकरून उचलायचे आणि प्यायचे. शकू दिवसातून कितीदा तरी यायची. मी कितीदा तरी ठेवायची. ते कितीदा तरी प्यायचे. सासूबाईंना धास्ती पडली की दादाला लघवीत साखर जायचा आजार जडला. त्यांनी मेथ्या भिजवून द्यायला सुरुवात केली. तेही निमूटपणे त्या खात.

एका वैशाखाच्या दुपारी मी दाराच्या फटीतून पाहिलं. पेला त्यांच्या हातात होता आणि ते पीत नव्हते. शकू त्यांच्या गुडघ्याशी उभी होती. त्यांच्याकडं तिचं लक्ष नव्हतं, पेल्याकडं होतं. ते बराच वेळ तिला बघत राहिले. मग त्यांनी पेला तिच्या तोंडाशी नेला. तिनं दोन्ही हातांनी धरून तो एका दमात रिकामा केला. पाणी गळ्यावरून झग्यात गेलं, तरी तिनं पेला सोडला नाही. त्यांनी अंगणातल्या रांजणातून पुन्हा भरून दिला. तोही ती प्याली.

ते वळले आणि कितीतरी वर्षांनी खांबाला म्हणाले, "खांबा, म्या पानी मांगतलं नव्हतं. आज नाही, काल नाही. आतून येते म्हनून पेत गेलो. हे लेकरू माहा निरोप नाही सांगत. हे आपल्यासाठी मांगते. तहान लागली का असंच म्हनाचं असते, असं वाटते तिले. अन् तिचं पानी म्या पेत गेलो."

मी आत दाराची चौकट धरून उभी होते.

त्या दिवसापासून त्यांनी शकूच्या तोंडून बोलणं बंद केलं, खांबाला पुन्हा कामावर घेतलं, आणि आम्ही दोघं पोरीला पाहू लागलो. ते ओसरीतून, मी आतून. संध्याकाळी भिंतीआडून आमचा हिशोब चाले. खांबाला ते सांगत की आज पिठाच्या गिरणीवरून नेली तर कान दाबून रस्त्यात आडवी पडली. मी चुलीला सांगे की डब्याचं झाकण फिरवत बसली की जेवणाची शुद्ध राहत नाही. तुरीच्या शेंगा एका ओळीत लावते, एक हलवली तर घर डोक्यावर घेते. काही हवं असलं की माझा हात धरून तिथं नेऊन ठेवते, जसा काही तो हात कुणा माणसाचा नाहीच. ते म्हणत, "खांबा, लेकराच्या डोयात पाह्यलं का ते दुसरीकडं पाह्यते. भेव नाही त्यात. काही दुसरं हाय."

दुसरं काय, हे सासूबाईंना ठाऊक होतं. मी पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली होती म्हणे. गावाला त्याहून ठाऊक होतं. मॅट्रिकवाली सून, पुस्तक धरून बसते, लेकराशी चार शब्द बोलत नाही, मग लेकरू असंच व्हायचं. यजमान पोळ्याला आले तेव्हा म्हणाले, "काही झालं नाही तिला. मी पण उशिराच बोललो होतो." आणि बैल सजवायला गेले. मला औषधाची आशा नव्हती. मला एक असा माणूस हवा होता, जो नीट बघून सांगेल की हे काय आहे, आणि ते माझ्यामुळं झालं का. रात्रंदिवस मला तेवढंच खात होतं.

ते खांबाला म्हणाले, "उद्या मेहकरले जाऊ." मी पहाटेच पोरीची वेणी घातली.

मेहकरच्या दवाखान्यात आमची पुरती फजिती झाली. घरात आमच्यामध्ये भिंत असे, म्हणून मी चुलीशी बोलू शकत होते. दवाखान्यात भिंत कुठली? एका खोलीत ते, मी आणि डॉक्टर. मी कोपऱ्यात पदर ओढून मुकी. आणि परक्या पुरुषासमोर घरची सून एकटी सोडून बाहेर जाणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "काय त्रास आहे?"

"पोरगी बोलते, पन बोलत नाही."

डॉक्टरांनी शकूला नाव विचारलं. "नाव काय?" शकूही म्हणाली, "नाव काय?"

"अहो, किती स्पष्ट बोलते! कधीपासून आहे हे तुमच्या मते?"

ते त्यांना ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. ते डॉक्टरांच्या औषधाच्या कपाटाकडं वळले आणि अदबीनं म्हणाले, "कपाटा, कवापासून हाय ते सांगजो बरं."

कपाट काही बोललं नाही. मीही नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला. "तपासायचं कोणाला? मुलीला का तुम्हाला?" मग लाड कमी करा म्हणाले आणि एक टॉनिक दिलं. परतताना एसटीत त्यांनी बाटली उघडून चाखली आणि खिडकीला सांगितलं, "साखरेचं पानी हाय." बाटली तिथंच रिकामी केली, खिडकीबाहेर.

बुलढाण्याचे डॉक्टर वयानं मोठे. त्यांनी शकूच्या पाठीमागं जाऊन जोरात टाळी वाजवली. ती हलली नाही. "बहिरी आहे," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत कंपाउंडरच्या हातून उकळत्या भांड्याचं झाकण पडलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. शकू धावत सुटली ती थेट झाकणापाशी. भासरे भिंतीजवळून म्हणाले, "बहिरीले ते कसं ऐकू आलं, डॉक्टरसाहेब?" डॉक्टरांना राग आला. "मग मंदबुद्धी असेल. याला उपाय नाही. दुसरं मूल होऊ द्या."

बाहेर आवारात कडुनिंब होता. ते त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले. "झाडा, दुसरं होऊ द्या म्हंते. मंग हे कुठी ठेवाचं?" रस्त्यानं जाणारे लोक थांबून पाहू लागले. त्यांना त्याची फिकीर नव्हती. मला मात्र त्या झाडाचा हेवा वाटला. त्या क्षणी मलाही तेच म्हणायचं होतं, आणि म्हणायला कोणी नव्हतं.

पुढचं थोडं आधीच सांगून टाकते. शकू माझ्याजवळच असते. केस पिकलेत तिचे. तिला अजूनही गोंगाट सोसत नाही आणि अजूनही ती माणसाच्या खांद्यावरून पलीकडं बघते, पण तहान लागली की 'शकूले पानी' म्हणते. हे शिकवायला त्यांनी वर्ष घालवलं. पेला समोर धरायचा आणि म्हणायचं, "शकूले पानी." पुन्हा धरायचा, पुन्हा म्हणायचं. शेतीची कामं खोळंबली, गावानं नावं ठेवली, की एवढा शहाणासुरता शेतकरी पोरीपुढं पेला धरून बसतो. गिरणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तिचा आवाज नको म्हणून ते शकूला घेऊन गावाला वळसा घालून शेतात जात. तिच्या लग्नाचा विषय कोणी काढला तर ते उठून गोठ्यात जात आणि बैलाला त्या पाहुण्याबद्दल जे सांगत, ते पाहुण्याला ओसरीत स्वच्छ ऐकू येई. ते गेले तेव्हा शकू रडली नाही. ते बसायचे त्या जागेवर कोणाला बसू देईना, एवढंच.

तर बुलढाण्यानंतर मी आशा सोडली होती. माझे मामा नागपूरला कारकून होते. त्यांच्याकडून कळलं की तिथं एक डॉक्टरीणबाई विलायतेहून शिकून आल्यात, त्या फक्त लेकरांच्या मनाचं बघतात. मी चुलीला सांगितलं आणि गप्प बसले, कारण एवढ्या लांब कोण नेणार? ओसरीतून आवाज आला, "खांबा, राजधानीच्या गावी आधीच जाऊ लागत होतं. आपलंच चुकलं."

शेगावहून रेल्वेत बसलो. शकू रुळांच्या तालावर डोलत होती, मी तिला इतकी सुखात कधी पाहिली नव्हती. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. मला धीर आला. बाईमाणूस आहे, तेव्हा ते बाहेर जातील आणि मी बोलेन. ते निघालेही. पण शकूनं त्यांच्या धोतराचा सोगा मुठीत पकडला आणि किंचाळू लागली. नवी जागा होती, ती सोडीना. ते परत येऊन भिंतीशी उभे राहिले. मी पदर ओढला.

"आई, तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "घरी कशी असते?"

मी फरशीकडं पाहत राहिले.

"काय खाते? कोणाशी खेळते? तुमच्याजवळ येते का?"

सगळं माझ्या ओठांवर होतं. बाईंनी आणखी काही विचारलं, मी मान खाली घातली. त्या माझ्याकडं पाहायच्या, मग शकूकडं. मग त्यांनी पेन मिटलं.

"हे बघा," त्या त्यांना म्हणाल्या, "मुलगी कोणाशी बोलत नाही, कोणाकडं पाहत नाही. आईही कोणाशी बोलत नाही, कोणाकडं पाहत नाही. अशा घरात मूल असंच होणार. आम्हाला पुस्तकांत हेच शिकवलंय. मुलीला काही आजार नाही. घरी जा. आईनं बोलायला शिकावं, मुलगी आपोआप शिकेल."

गाव म्हणत होतं तेच. फरक एवढाच की आता ते पुस्तकात होतं. मी उठायला लागले.

खोलीत एक कपाट होतं, एक खिडकी होती, एक वजनकाटा होता. ते त्यातलं काहीतरी शोधतायत, हे मला पदराआडूनही कळत होतं. मग त्यांचा आवाज आला आणि तो सरळ माझ्याकडं आला. तोवर तो कधीच माझ्याकडं आला नव्हता.

"शकूची माय," ते म्हणाले. मला काय म्हणायचं हे त्यांनी कधी ठरवलंच नव्हतं, तेवढंच त्यांना सुचलं असेल. "बस. बोल. माह्याकडं नको पाहू. आपली रीत आपल्या घरी राहू दे. तू गप राह्यली तं हे बाई लेकरू तुह्या माथी मारून मोकयी होईन."

मी बसले आणि शकूचा झगा सारखा करू लागले.

"काऊन गप हायस? चुलीले तं लय सांगत जातीस!"

मला एकदम हसू फुटलं, आणि हसूबरोबर सगळंच बाहेर आलं. झाकणं, शेंगा, गिरणी, भिंतीकडं तोंड करून मागितलेलं पाणी. मी म्हणाले, पोळ्यानंतर ती बोलायला लागली. ते म्हणाले, नाही, पोळ्याच्या आधी. मी म्हणाले, पोळ्यानंतर, बैलांच्या झुली अजून धुवायच्या होत्या. ते म्हणाले, झुली तं आपन संक्रांतीपावतर धुतल्या नाही, ते काय घेऊन बसलीस? आम्ही जन्मात पहिल्यांदा बोललो आणि भांडलो. डॉक्टरीणबाई एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या. केव्हातरी त्यांनी पेन पुन्हा उघडलं. मग त्या खुर्चीवरून उठून खाली फरशीवर शकूजवळ बसल्या, आणि बाहेरची गर्दी थांबवून दुपार टळेपर्यंत तिथंच बसून राहिल्या. मणी दिले, झाकणं दिली, हाका मारल्या, लपून पाहिलं.

शेवटी उठल्या तेव्हा त्यांच्या साडीला धूळ लागली होती. म्हणाल्या, "याला ऑटिझम म्हणतात."

"आपल्यात काय म्हंते?" त्यांनी विचारलं.

"आपल्यात याला अजून नाव नाही. हे औषधानं जाणार नाही. पण शिकवलं तर ती शिकेल, हळूहळू." त्या जरा थांबल्या. "आणि सकाळी मी जे बोलले ते मागं घेते. पुस्तकं आईला दोष देतात. मला आता तसं वाटत नाही. असं मूल असंच जन्माला येतं. यात कोणाची चूक नाही."

हे सगळं त्या त्यांच्याकडं बघून बोलल्या. डॉक्टरांना पुरुषाकडं बघून बोलायची सवयच असते.

"हे मले काऊन सांगता?" ते म्हणाले. "मले कोनी कधी बोल लावला नाही. तिले लावला, घरानं लावला, गावानं लावला, सकायी तुम्ही लावला. तिच्याकडं पाहून सांगा."

बाई माझ्याकडं वळल्या. "तुमची चूक नाही," त्या म्हणाल्या.

मी डोक्यावरचा पदर मागं सारला आणि त्यांच्याकडं पाहिलं. डॉक्टरीणबाईंकडं नाही, भिंतीशी उभ्या असलेल्या त्यांच्याकडं. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता. शकूनं कपाळ हुबेहूब आपल्या या काकाचं घेतलंय, हे मला तेव्हा कळलं.